पाण्याचा हिशेब चावडीवर यावा

गोदावरीला पूर आला की नाशिककर प्रथम विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत? नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले तर तो महापूर. ही मोजपट्टी शास्त्रीय नव्हे. परंतु पुष्कळशा शासकीय आकड्यांत न आढळणारा एक गुण तिच्यात आहे. घाटावर उभ्या असलेल्या कोणालाही ती वाचता येते आणि तिच्याविषयी कोणी वाद घालीत नाही. पाण्याच्या व्यवस्थापनासाठी संगणक आणि उपग्रह यांचा उपयोग करावा, असा आग्रह आज सर्वत्र धरला जातो. तो योग्यच आहे. मात्र हा गुण नव्या साधनांत उतरणार आहे की नाही, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

साधनांची किंवा ज्ञानाची वाण आहे, असे निदान नाशिकने तरी म्हणू नये. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, 1959 पासून येथे आहे. जलाशयाची पातळी जसजशी उतरते तसतसा त्याचा विस्तार उपग्रहाच्या चित्रांत टिपता येतो. त्यावरून आजची साठवणक्षमता काढता येते, आणि मूळच्या क्षमतेशी तिची तुलना केली की गाळाचे प्रमाण कळते. नाशिकची तहान भागविणाऱ्या गंगापूर धरणाची क्षमता प्रारंभी सुमारे 7,200 दशलक्ष घनफूट होती. ती आता सुमारे 5,630 वर आली आहे. हा फरक ध्यानात न घेता ‘धरण भरले’ म्हणून समाधान मानणे म्हणजे बूड उचललेल्या मापाने धान्य मोजण्यासारखे आहे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने 1995 च्या सुमारास सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्र आरंभापासून सहभागी आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस व नदीची पातळी आपोआप नोंदवून ती तत्काळ कळविणारी यंत्रे बसली. तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याने वेढली गेली. यंत्रे निरुपयोगी होती, असा याचा अर्थ नव्हे. माहितीने पूर अडत नाही. वेळीच घेतलेल्या निर्णयाने त्याची हानी कमी होते, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा.

गोदावरीच्या खोऱ्यात तर प्रश्न पुराहून अधिक तुटीचा आहे. 2005 च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य झाले. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे 2014 मध्ये ठरले. त्यानुसार 2023 च्या ऑक्टोबरअखेर नाशिक व नगरच्या धरणांतून सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि नेहमीचा वाद उसळला. ‘आमचे पाणी पळविले’ असे वरचे म्हणतात. ‘आमच्या हक्काचे पाणी वाटेतच मुरले’ असे खालचे म्हणतात. दोघांच्याही मनात शंका एकच आहे: सोडलेल्यापैकी किती पोचले, किती जमिनीत जिरले आणि किती नदीकाठच्या मोटारींनी उपसले? या तीन आकड्यांचा उभयपक्षी मान्य हिशेब असल्याखेरीज न्यायालयाच्या निकालानेही मने शांत व्हावयाची नाहीत.

हे अशक्य नाही, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेपटाकडील ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पुरेसे पोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने तेथे 1990 नंतर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. किती एकर भिजले यावर नव्हे, तर किती घनमीटर पाणी घेतले यावर आकारणी होऊ लागली. पाणी मोजून मिळू लागले तशी ते जपून वापरण्याची बुद्धी झाली, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. तेथे संगणक नंतर आला. मोजमाप आणि विश्वास आधी आले. हाच क्रम सर्वत्र लागू पडतो.

म्हणून मागणी यंत्रांच्या खरेदीपुरती असू नये. धरणातून सुटलेले, कालव्याच्या प्रत्येक शाखेत शिरलेले आणि शेवटच्या चारीला पोचलेले पाणी रोजच्या रोज नोंदले जावे. नदीकाठच्या उपशालाही हीच शिस्त लागावी. शेतीप्रमाणेच शहरांच्या नळांचा आणि कारखान्यांचा वापर त्याच पानावर यावा. कारण काटकसरीचा उपदेश शेतकऱ्याला आणि गळती मात्र शहराला माफ, हा न्याय टिकणारा नाही. आणि हा सारा हिशेब अधिकाऱ्याच्या संगणकात बंद न राहता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, साध्या मराठीत लागावा.

वर्गात गणित शिकविणाऱ्या शिक्षकाने गावच्या धरणाचा साठा मुलांना उदाहरण म्हणून घालून द्यावा, इतका हा आकडा घरोघरचा झाला पाहिजे. ज्याचा हिशेब उघड असतो, त्याच्या वाटणीवरून भावाभावांत भांडणे कमी होतात. नाशिक आणि मराठवाडा ही एकाच गोदेची लेकरे आहेत. त्यांना हा अनुभव नवा नसावा.