मुक्या मारावर तेल चोळू नका

बांधावरून घसरून किंवा गाडीवरून पडून मुलाचे कोपर सुजले, की पुष्कळ घरांतून पहिली धाव हाड बसविणाऱ्याकडे जाते. तो गरम तेलाने चोळतो, हात ओढतो, पाण्याची बादली धरायला लावतो. वाचकहो, इथेच घात होतो.

मार लागला की स्नायूत रक्त साकळते. जोराने चोळल्यास स्नायू आणखी फाटतो आणि जखम भरताना मांसात हाड तयार होऊ लागते. तीन-चार आठवड्यांत ते एक्स-रेत दिसते. कोपर आखडते, घास तोंडाशी नेणेही जड जाते. हे हाड कच्चे असताना कापले, तर पुन्हा वाढण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर बहुधा काही महिने थांबतात.

तेव्हा हात आहे तसाच झोळीत अडकवावा, फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवावा. पेडगावकरांनी त्याच दिवशी परभणीचा सरकारी दवाखाना गाठावा. बोटे गार, पांढरी वा बधिर झाली, तर क्षणही दवडू नये. प्लॅस्टर निघाल्यावर, डॉक्टर सांगतील तसा, मुलाने आपला हात आपणच हळूहळू हलवावा. दुसऱ्याने तो ओढू नये.