गाडीखाली शिरलास होय रे?

दोन आठवड्यांपूर्वी बायकोने घरच्या वॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. फोटोत माझे फक्त पाय आहेत. बाकीचा मी आमच्या गॅरेजात, चार स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली आहे. शेजारी जुन्या चादरीवर पाने, हातोडी, चार निळ्या स्प्रिंगा आणि मुलीने आणून ठेवलेला चहा.

चार-पाच अंगठे आले, दोन-तीन हसरे चेहरे आले, आणि मग मामाचा मेसेज आला. "एवढं शिकून, अमेरिकेत जाऊन, शेवटी गाडीखालीच शिरलास होय रे? दाजींनी जन्मभर तेच केलं. निदान तू तरी सुटशील असं वाटलं होतं."

मामा हा ब्लॉग वाचतो. तेव्हा हे उत्तर त्याला, आणि मनातल्या मनात त्याच्याशी सहमत असलेल्या बाकी सगळ्यांनाही.

आधी गाडीबद्दल. माझी गाडी २००२ची माझदा मियाटा आहे. दोन सीट, कापडी टप, वजन एक टनापेक्षा थोडंसंच जास्त. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ मध्ये कंपनीने दहा लाखावी बनवली. दोन माणसांच्या गाडीला हा आकडा अचाट आहे. माझी गाडी सेकंडहँड आहे आणि न्यू जर्सीचे बरेच हिवाळे तिने रस्त्यावरच्या मिठात काढले आहेत. या मिठाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

मला ती गाडी साधारण तीन सेंटिमीटर खाली आणायची होती. त्यासाठी मूळ स्प्रिंगा काढून आखूड आणि जास्त कडक स्प्रिंगा बसवतात. का? खरं सांगतो, अर्धं कारण दिसण्याचं. चाक आणि मडगार्डमधली ती पोकळी माझ्या डोळ्यांत खुपत होती. उरलेलं कारण वळणांचं. गुरुत्वमध्य साधारण अर्ध्या मीटरवर धरला, तर तीन सेंटिमीटरने वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन सुमारे सहा टक्क्यांनी कमी होतं. फार नाही. बदल्यात चाकाला वर जायला जागा कमी उरते, खड्डे जास्त कळतात. फायदाच फायदा आहे असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ती हौस आहे. हौसेला हौस म्हणायला मला लाज वाटत नाही.

मामाचा आक्षेप हौसेला नाहीच. हीच हौस मी सहाशे डॉलर मजुरी देऊन दुकानात भागवली असती आणि गाडीला टेकून गॉगल लावून फोटो टाकला असता, तर मामाने तो चार लोकांना अभिमानाने दाखवला असता. आक्षेप आहे तो हात काळे करण्याला.

यावर शहाणी माणसं तीन मुद्दे मांडतात. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा, वेळेची किंमत. "तुझा तासाचा पगार किती, त्यात हे परवडतं का?" हे गणित मला फक्त पाना हातात घेतल्यावर ऐकवतात. शनिवारी आठ तास वन-डे बघत लोळलो तर कोणी तासाचा हिशेब मांडत नाही. ट्रेकला गेलो तरी नाही. म्हणजे प्रश्न वेळेचा नाहीच.

दुसरा मुद्दा, ज्याचं काम त्याने करावं. वाक्य फार सुंदर आहे. पण जे हे म्हणतात त्यांना मी पुण्यात गॅरेजवाल्याशी बोलताना ऐकलं आहे. तो माणूस पन्नाशीचा असला तरी "ए, अरे, काय केलंस रे हे?" बिलावर घासाघीस, वर "लुटतात साले" हे पालुपद. घरी आला तर त्याच्या चहाचा कप वेगळा, कडीला टिचलेला. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि उरलेलं वर्षभर ते हत्यार धरणाऱ्याला अरेतुरे. ज्या माणसाला आपण खुर्चीसुद्धा देत नाही, त्याच्या तज्ज्ञपणाची आठवण आपल्याला नेमकी भाच्याला गाडीखालून बाहेर काढताना कशी येते?

तिसरा मुद्दा धोक्याचा. इथे मात्र मी हात जोडतो. हा मुद्दा खरा आहे.

गाडी हवेत असतानाही शॉकॲब्सॉर्बरवरची स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते, दबलेलीच असते. तिला धरून ठेवणारा वरचा एकच नट असतो. तो तसाच सोडला तर ती स्प्रिंग वरच्या टोपीसकट गोळीसारखी सुटते. यात माणसं दगावली आहेत. म्हणून स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार लागतं. आटे पाडलेल्या दोन लांब सळ्या आणि त्यांना आकडे. ते समोरासमोर लावायचे, एकदा इकडचा आणि एकदा तिकडचा असे थोडेथोडे आवळायचे, आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत ठेवायचं नाही. इथे सुट्या भागांच्या दुकानात हे हत्यार अनामत ठेवून मिळतं. अनामत परत देतात, डोळा देत नाहीत.

तसंच नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी स्टँड असतात. मी स्टँडवर गाडी ठेवून तिला कंबरेने जोरजोरात ढकलून पाहिली. पडायचीच असेल तर मी खाली नसताना पडू दे. ज्याला हे सगळं कटकटीचं वाटतं त्याने खरंच दुकानात जावं.

पण धोका आहे म्हणून काम हलकं कसं ठरतं? सर्जनच्या कामात धोका असतो तेव्हा आपण त्याच्या पाया पडतो.

आता काम कसं झालं ते सांगतो, कारण मला अद्दल तिथेच घडली.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. रॉबर्ट हूकचा १६७८ सालचा नियम मला पाठ आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तार दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग सुमारे शेहेचाळीस टक्के कडक होते, हे मी झोपेतही सांगेन. या भांडवलावर मी चार तासांत काम उरकणार होतो.

पहिला बोल्ट हललाच नाही. मिठाने तो आतल्या नळीला धरला होता. गंज सुटायचं तेल मारलं, तासभर वाट पाहिली, पुन्हा मारलं, रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पान्याला लांब पाइप अडकवून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा एकदाचा कर्रकन आवाज झाला. तेवढ्यात एका चाकाच्या नटाचे आटे तिरपे चढून खराब झालेले सापडले. आधी ब्रेकचं काम ज्या दुकानात केलं होतं, तिथे कोणीतरी हवेच्या बंदुकीने तो दामटून बसवला होता. त्या चाकाच्या बाजूच्या सीटवर माझी मुलगी बसते. मी पैसे दिले होते, पावती होती, आणि मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

पहिला शनिवार-रविवार पुढच्या दोन चाकांतच संपला. दुसऱ्यात मागची दोन झाली. नव्या स्प्रिंगा आखूड, त्यामुळे त्यांना फारसं दाबावं लागलं नाही. सगळे बोल्ट टॉर्कच्या पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळले. गाडी खाली उतरवली. आणि ती खाली आलीच नाही. म्हणजे जमिनीला टेकली, पण पाहिजे तेवढी बसली नाही. एका बाजूला तर बोटभर उंचच. मी स्प्रिंगवाल्या कंपनीला खरमरीत मेल लिहायला घेतला.

त्याच सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये फिटर होते. कमानपाट्यांवर त्यांचं आयुष्य गेलं. मियाटा त्यांनी फक्त फोटोत पाहिली आहे. मी तक्रार सांगितली. त्यांनी मला फोन चाकाच्या आत धरायला लावला, ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "शेवटचं आवळलंस तेव्हा गाडी हवेत होती का जमिनीवर?"

"हवेत."

"मग? आम्ही यू-बोल्ट शेवटचा कधी आवळायचो? बस खाली टेकवल्यावर. वजन आल्याशिवाय आवळायचं नसतं, बाळा."

माझी ट्यूब पेटली. गाडीच्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. बोल्ट आवळला की त्याची आतली नळी घट्ट धरली जाते आणि आर्म हलला की रबर पिळतं. चाक खाली लोंबकळत असताना आवळलं, तर रबराला तीच आपली मूळ जागा वाटते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडीला वर ढकलत राहतं आणि लवकर फाटतं. मी चाकांखाली लाकडाचे ठोकळे दिले, गाडीचं वजन चाकांवर आणलं, बोल्ट सैल केले, गाडी दोनदा हेलकावली आणि पुन्हा आवळले. गाडी खाली बसली. सरळ. मग दुकानात नेऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, कारण गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात आणि ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. तिथे तज्ज्ञाला पैसे दिले, आणि "थँक यू सर"ही म्हणालो.

तर मामा, आता तुला सांग. चार वर्षं इंजिनियरिंग मी केलं, कोन आणि घात मला पाठ, आणि चूक पकडली ती दहावी झालेल्या दाजींनी, आठ हजार मैलांवरून. तुला जे सुटायला पाहिजे होतं ते हे. मला इतकी वर्षं वाटायचं की बाबांनी मला शिकवलं ते त्यांच्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांनीही तसं कधी कधी बोलून दाखवलं आहे. पण बाबांना तसं बोलायला कोणी शिकवलं? लग्नकार्यात ते पाहुण्यांसमोर नखं लपवून बसायचे, ते मी पाहिलं आहे. त्या नखांतल्या ग्रीसवर माझी फी भरली गेली. लपवायला लावणारे कोण होते, हे मी इथे लिहीत नाही.

आता भाचेमंडळींसाठी, कारण फोटो पाहून दोघांनी मला गुपचूप विचारलं आहे. पुण्यात हे करू नका. तिथले गतिरोधक पुस्तकातल्या मापाचे नसतात, गाडीचं पोट घासेल. शिवाय जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गाडीच्या मूळ नोंदलेल्या रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. आणि कोणी "स्प्रिंग कापून देतो" म्हणालं तर तिथून पळा. ती मग नीट बैठकीवर बसत नाही आणि खड्ड्यात जागेवरून निसटू शकते. हात काळे करायचेच असतील तर सायकलची साखळी आहे, आजोबांची स्कूटर आहे. आजोबाही आहेत.

असो. परवा बाबांचा फोन आला होता. हजार मैल झाले की सगळे बोल्ट परत एकदा तपास म्हणाले. पुढच्या महिन्यात होतील. तेव्हा गाडीखाली परत शिरणार आहे. मामा, फोटो पाठवतो.