विश्लेषण : टायरमध्ये खिळा, पण हवा कायम, मग काय करावे?

सकाळी गाडी काढताना टायरमध्ये रुतलेला खिळा दिसतो. हवा मात्र पुरेशी असते. अशा वेळी कोणी पक्कड घेऊन खिळा उपटतो, तर कोणी हवा आहे तोवर गाडी तशीच दामटतो. दोन्ही चुकीचे आहे.

हवा का जात नाही?

बहुतेक नव्या मोटारींना ट्यूबलेस टायर असतात. त्यात हवा धरून ठेवतो तो आतल्या बाजूचा रबराचा पातळ थर. खिळा आरपार गेला तरी भोवतीचे रबर त्याला आवळते आणि खिळाच बुचाचे काम करतो. कधी खिळा आखूड असतो आणि वरच्या जाड रबरातच अडकतो. झिजलेल्या टायरमध्ये ही शक्यता कमी.

ओळखायचे कसे?

टायर थंड असताना हवेचा दाब मोजावा. योग्य दाब किती, हे बहुधा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. खिळ्यावर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले तर हवा झिरपते आहे. आले नाहीत तरी दुरुस्ती होईपर्यंत रोज दाब तपासावा.

धोका कोणता?

चाक फिरताना खिळा हलतो आणि भोक मोठे होऊ शकते. आत शिरलेल्या पाण्याने टायरमधील पोलादी तारा गंजतात. हवा कमी झालेला टायर जास्त दबतो, त्यामुळे तापतो. शहरात हे निभावून जाते. पण समृद्धी महामार्गावर ताशी १२० किमी वेगाने तापलेला टायर फुटला, तर गाडी सावरणे कठीण.

दुरुस्ती कशी करावी?

खिळा पंक्चरच्या दुकानातच काढावा. बाहेरून चिकट पट्टी खुपसणे ही तात्पुरती सोय. टायर रिमवरून उतरवून आतून तपासणे आणि मशरूम पॅच लावणे अधिक भरवशाचे. भोक ६ मिमीपेक्षा मोठे किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल, तर टायर बदलणेच योग्य.

स्टेपनी आहे का?

ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही. त्यामुळे स्टेपनी आहे, हे गृहीत धरू नये. असली तरी तिची हवा तपासावी. खिळ्याची दुरुस्ती लांबच्या प्रवासाआधीच उरकून घ्यावी. महामार्गावर ती महागात पडते.