खाणीवर राबलेल्या मायचा धंदा कोणता लिहावा?

आपल्या भागात मँगनीज कोठे सापडले व कोणत्या कंपनीने खाण उघडली, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो काळा दगड कोणी फोडला, निवडला व डोक्यावरून वाहिला, असे विचारले की सारे गप्प बसतात. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज आम्हांस याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी १९०० च्या सुमारास सुरू झाल्या. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही गावे या दगडानेच नावारूपास आली. पोलाद करावयाचे तर मँगनीज पाहिजेच. तेव्हा आगगाडीच्या रुळांत व पुलांत जसा खनिजाचा अंश आहे, तसा आमच्या बायांचा घामही आहे. यंत्रे येण्यापूर्वी पुरुषाने पहारीने दगड काढावा आणि बाईने तो हातोडीने फोडून, माती-गारगोटी बाजूस सारून टोपल्यात भरावा, अशी रीत होती. हा दगड साध्या दगडाहून सुमारे दीडपट जड असतो. टोपले लहान दिसले म्हणून ओझे लहान नव्हते.

आमची माय अशाच एका खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली राबली. पहाटे चूल, पाणी, लेकरे उरकून ती शिदोरी बांधून निघे. संध्याकाळी अंग धुतले तरी नखांतला काळा रंग जात नसे. हजेरीवर नाव मात्र आमच्या बापाचे होते. मायची टोपली त्याच्याच मापात धरली जाई. म्हणजे घाम तिचा आणि अंगठा त्याचा! त्या पैशांवर आम्ही शिकलो व मास्तर झालो. गाव म्हणाले, पोर बापाच्या कष्टावर शिकले.

आता सरकारची तऱ्हा पाहा. १९२९ च्या नियमांनी बायांस जमिनीखालच्या कामावरून हळूहळू काढावयाचे ठरले, आणि १९३७ साली पुरी बंदी झाली. महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ साली बंदी उठवून त्यांस पुन्हा खाली उतरविले. डॉ. आंबेडकर तेव्हा मजूरखात्याचे मंत्री होते. स्त्रीस पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व त्यांनी १९४४ साली कायदेमंडळात मांडले, ही त्यातली मोलाची गोष्ट होय. युद्ध संपले आणि १९४६ साली बंदी परत आली. १९५२ च्या कायद्याने ती कायम केली आणि २०१९ साली अटी घालून पुन्हा परवानगी दिली. भुयारातले काम जिवावरचे, हे आम्हांस मान्य आहे. पण काढताना आणि बोलावताना त्या बाईस कोणी विचारले काय? गरज लागली की मजूर आणि गरज सरली की अबला, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, मास्तर, झाले ते झाले, आता लिहून काय मिळणार? मिळणार आहे, वाचकहो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर मज्जातंतू बिघडतात, हात थरथरतात, चाल अडखळते. ही गोष्ट वैद्यांनी १८३७ सालीच नोंदविली आहे. आज एखादी म्हातारी थरथरत्या हाताने दवाखान्यात गेली, तर तिचा धंदा 'घरकाम' म्हणून लिहिला जातो आणि रोग म्हातारपणावर लोटला जातो. प्रत्येक थरथर खाणीची नसेल. पण खाण कागदावरच नसेल तर विचारणार कोण? आणि हजेरीवर नाव नसेल तर हक्काचा पैसा मागणार कशाच्या आधारे?

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहावयाचे ठरले आहे. चांगले झाले. पण नाव आले तरी काम आले नाही. शाळेत मुलाचे नाव घालावयास येणारा बाप स्वतःचा धंदा शेती सांगतो, सुतारकी सांगतो. आईचे विचारले की म्हणतो, 'ती काही करत नाही.' निंदणी कोणी केली? भाता कोणी ओढला? टोपली कोणी उचलली?

म्हणून आमचे सांगणे इतकेच. घरात जुनी माय हयात असेल तर तिच्याजवळ बसा. कोणत्या खाणीवर, किती वर्षे, काय काम, कोण ठेकेदार, हे तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवा. लेकीसुनांस लिहिता येते. त्यांच्याच हाताने लिहवा. दवाखान्यात ती वही बरोबर न्या. आणि बाप्यांनो, यापुढे कोणी घरधनिणीचा धंदा विचारला, तर 'काही नाही' म्हणण्याआधी आपल्या ताटातल्या भाताकडे एकवार पाहा.