चौकाचा जमाखर्च

पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० साली पाडण्यात आले. मेट्रो व नवा दुमजली पूल यांना वाट करून देण्यासाठी ते पाडावे लागले, हे खरे. परंतु एका पिढीचेही आयुष्य न लाभलेल्या या बांधकामाने आपल्या नियोजनदृष्टीबद्दलच प्रश्न उपस्थित केला आहे. पूल उभारताना आणि पाडताना चर्चा झाली ती प्रामुख्याने वाहनांची. त्याच चौकातून पायी जाणाऱ्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावयाचा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने चौक हा दुर्मिळ साधनाच्या वाटपाचा प्रश्न आहे. येथे वाटून घ्यावयाचे असतात ते सेकंद. वाहनांचा वाचलेला वेळ प्रकल्पाच्या लाभात धरला जातो. कडेला ताटकळणाऱ्या पादचाऱ्याचा वेळ मात्र खर्चात सहसा दिसत नाही. पादचारी पूल बांधला की त्याची सोय झाली, असे आपण मानतो. वस्तुतः मोटारीला काही सेकंद थांबावे लागू नये म्हणून आपण वृद्धांना जिने चढावयास लावीत असतो.

या चुकीच्या हिशेबाची किंमत लहान नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. जे रस्ता ओलांडावयाचेच सोडून देतात, त्यांची तर कोठेच नोंद होत नाही. माझे एक निवृत्त सहकारी चौकापलीकडील ग्रंथालयात रोज जात असत. गेली दोन वर्षे ते गेलेले नाहीत. त्यांचे पाय शाबूत आहेत. धीर तेवढा खचला आहे.

पादचाऱ्याला झुकते माप दिले तर वाहतूक तुंबेल, असा आक्षेप घेतला जातो. तो तपासून पाहावा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरल्यास २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास २० सेकंद लागतात. कोपऱ्यावरील पदपथ पुढे आणून हे अंतर १८ मीटर केले, तर १५ सेकंद पुरतात. दोन मिनिटांच्या सिग्नलचक्रात प्रत्येक वेळी वाचणारे ५ सेकंद म्हणजे तासाला अडीच मिनिटे. ती वाहनांनाही देता येतील. कोपरा आवळल्याने वळणारी गाडी आपोआप मंदावते. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धासाठी रस्त्याच्या मध्यावर थांबण्यापुरता सुरक्षित कट्टा हवा. डावीकडे न थांबता वळण्याची मुभा जेथे पादचाऱ्याची वाट अडविते, तेथे ती काढून घ्यावी.

या उपायांना उड्डाणपुलाच्या मानाने नगण्य खर्च येतो. कदाचित हीच त्यांची अडचण असावी. कट्ट्याच्या उद्घाटनाला कोनशिला लागत नाही! पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, २०२१ पासून लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिनही साजरा होऊ लागला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या कलमाशी जोडला. धोरण आहे, हक्कही मान्य झाला आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

यापुढे कोणत्याही चौकाच्या कामाला मंजुरी देण्यापूर्वी नगरप्रशासनाने एकच कोष्टक प्रसिद्ध करावे : तेथून किती माणसे पायी जातात, त्यांना किती सेकंद थांबावे लागते आणि ओलांडण्यास किती मिळतात. वर्षातून एक दिवस रस्ता देण्यापेक्षा रोज वीस सेकंद निर्धास्तपणे देणे, हा अधिक प्रामाणिक व्यवहार ठरेल.