पदवी आणि पक्कड

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील वायरमन. "शिकलास म्हणजे हात काळे करावे लागणार नाहीत," हे त्यांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते मला पटत नाही.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात कप्तानही आपण आणि वायरमनही आपणच!

नवे यंत्र बसवले म्हणजे काम संपत नाही. घरच्या २३० व्होल्टांत एक व्होल्ट गळाला तर कोणाला कळतही नाही. शिडाच्या नौकेवर बहुधा १२ व्होल्टांची बॅटरी असते, तिथे तो बारावा हिस्सा होतो. वायर बारीक पडली किंवा खाऱ्या हवेने सांध्यावर हिरवा कळंक चढला, की आपोआप सुकाणू धरणारे कोरे करकरीत यंत्र ऐन वाऱ्यात बंद पडते. दोष यंत्राचा नसतोच. यंत्र चालू ठेवून, बॅटरीपासून एकेक सांधा मोजत तो शोधावा लागतो. अंदाज बांधायचा, पडताळायचा, खोटा ठरला तर सोडायचा. तर्कशास्त्राच्या तासाला आपण याहून वेगळे काय शिकतो?

मग मित्रहो, या विद्येला हलके का लेखावे? पदवी जरूर घ्यावी. पण तिच्यासाठी पक्कड टाकावी लागते, हा समज विद्यार्थ्यांनी आणि गुरुजनांनीही टाकून द्यावा.