बक्षिशी कुणाची, वेतन कुणाचे?

अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या विमानतळाजवळच्या हॉटेलातून पहाटे चारच्या सुमारास एक लहानशी बसगाडी निघते. तीत दोन वैमानिक आणि तीन-चार विमानसेविका बसलेल्या असतात. रात्रीचा मुक्काम संपवून पहिल्या विमानावर रुजू होण्यासाठी त्यांना वेळेवर पोहोचायचे असते. दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासानंतर चालक त्यांच्या बॅगा खाली उतरवून देतो आणि प्रत्येकाने त्याच्या हातावर एक-दोन डॉलर ठेवावेत, असा तेथील रूढ संकेत आहे. हा संकेत पाळावा की मोडावा, यावर विमान कर्मचाऱ्यांत कडाक्याचे वाद होतात. वरकरणी हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु एका श्रमिकाचे वेतन दुसऱ्या श्रमिकाच्या खिशातून का द्यावे लागते, हा त्यामागचा प्रश्न क्षुल्लक नाही.

वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. देऊ नये म्हणणारे सांगतात की, विमान कर्मचारी हे हॉटेलचे गिऱ्हाईक नव्हेत. हॉटेल त्यांनी निवडलेले नसते. खोल्यांचे दर आणि ने-आण यांचा करार विमान कंपनीने केलेला असतो. गाडीत बसणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. कारखान्याच्या बसने पाळीला जाणारा कामगार चालकाला रोज पैसे देत नाही, मग यांनीच का द्यावेत? महिन्यातून पंधरा-वीस वेळा अशा गाडीत बसणाऱ्या नवख्या विमानसेविकेला हा खर्च जाणवतो. द्यावे म्हणणारे उत्तर देतात की, चालकाचा पगार तुटपुंजा आहे, तो अपरात्री उठून गाडी आणतो, आणि आपल्या दोन डॉलरवर त्याच्या घरचे दूध-पाव अवलंबून असते. तत्त्वाची किंमत त्याने का मोजावी?

दोन्ही युक्तिवाद प्रामाणिक आहेत. पण दोन्हींत ज्याचा उल्लेख यायला हवा, तो तिसरा पक्ष गाडीत बसलेलाच नाही. तो म्हणजे चालकाचा मालक.

अमेरिकेचा वेतनविषयक कायदा पाहिला म्हणजे हा तिसरा पक्ष दिसू लागतो. १९३८ साली तेथे किमान वेतनाचा केंद्रीय कायदा झाला. हॉटेले आणि उपाहारगृहे यांतील कामगार दीर्घकाळ त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. १९६६ च्या दुरुस्तीने त्यांना कक्षेत घेतले. मात्र त्याच वेळी मालकांना एक सवलत दिली. कामगाराला गिऱ्हाइकाकडून मिळणारी बक्षिशी मालकाने किमान वेतनाच्या हिशेबात धरावी, अशी ती सवलत होती. आज केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून ते वाढलेले नाही. बक्षिशी मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या तिजोरीतून द्यावयाची किमान रक्कम केवळ २.१३ डॉलर आहे, आणि ती १९९१ पासून जागची हललेली नाही. उरलेले ५.१२ डॉलर बक्षिशीतून भरून निघाले, असे कायदा मानतो. भरून न निघाल्यास फरक मालकाने द्यावा, असेही कायद्यात आहे. पण तो फरक मागण्याचे धैर्य ज्याची नोकरी कच्ची आहे त्याला सहसा होत नाही.

याचा अर्थशास्त्रीय निष्कर्ष स्पष्ट आहे. मालक जिथे ही सवलत घेतो, तिथे ताशी पहिले ५.१२ डॉलर विमानसेविकेच्या पाकिटातून निघून चालकाच्या हातावर पडतात खरे, परंतु त्यांचा लाभ मालकाला होतो. कारण तेवढी रक्कम मालकाच्या खर्चातून वजा होते. चालकाचा स्वतःचा फायदा त्यानंतरच्या पैशापासून सुरू होतो. शिवाय महिन्याला ३० डॉलरहून अधिक बक्षिशी नेहमी मिळत असेल, तर कामगाराला या वर्गात ढकलता येते. म्हणजे प्रवाशांचे औदार्यच त्याला कमी वेतनाच्या वर्गात नेण्याचा आधार बनते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांनी ही सवलत नाकारली आहे. इतरत्रही अनेक हॉटेले चालकाला पुरे किमान वेतन देतात. पण नेमणुकीच्या वेळी ‘वर बक्षिशी मिळेलच’ हे वाक्य तेथेही उच्चारले जाते, आणि पगाराचा आकडा त्या वाक्याच्या हिशेबानेच ठरतो.

वाहतूक-धंद्यात ही युक्ती नवी नाही. पुलमन कंपनीच्या शयनडब्यांतून प्रवाशांची बिछाने घालणारे, बूट पुसणारे सेवक जवळजवळ सारे कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या पिढीपासून कंपनीने त्यांची भरती केली. १९१५ साली अमेरिकेच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे या कंपनीची चौकशी झाली, तेव्हा सेवकाचे मासिक वेतन २७.५० डॉलर असल्याचे पुढे आले. उरलेले पोट प्रवाशांच्या मर्जीवर भरावयाचे होते. आयोगापुढे कंपनीची बाजू मांडायला उभे राहिलेले रॉबर्ट लिंकन हे गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे पुत्र होते. बक्षिशी मिळावी म्हणून सेवकाने सदैव हसतमुख असावे, कुणीही ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारली तरी ओ द्यावी, हा त्या वेतनपद्धतीचा अलिखित भाग होता.

१९२५ साली ए. फिलिप रॅन्डॉल्फ या समाजवादी नेत्याच्या पुढाकाराने या सेवकांची संघटना उभी राहिली. बक्षिशीच्या जागी पुरेसे वेतन आणि मर्यादित तास ही तिची मागणी होती. बारा वर्षे चिवटपणे झगडून १९३७ साली तिने कंपनीला करारावर सही करायला लावली. महिन्याचे कामाचे तास २४० वर आले आणि वेतन वाढले. रॅन्डॉल्फ यांनी प्रवाशांना अधिक उदार व्हा असे सांगण्यात आपली शक्ती खर्च केली नाही. त्यांनी कंपनीला जबाबदार धरले.

महाराष्ट्राला हा न्याय अपरिचित नाही. वतनदार महार काम सरकारचे करी. पण त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने गावकऱ्यांच्या खळ्यावरून यावयाचा. गावाची मर्जी फिरली की बलुते बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात बलुत्याचे रूपांतर सारावसुलीबरोबर गोळा करावयाच्या रोख पट्टीत करावे अशी तरतूद होती. गावकऱ्यांनी बलुते अधिक सढळ हाताने घालावे, अशी विनवणी त्यांनी केली नाही. मोबदला देणाऱ्याच्या लहरीवर राहू नये, तो हक्काने व नेमाने मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. जातीच्या उतरंडीने जखडलेले वतन आणि अमेरिकेतील चालकाची नोकरी यांत अंतर मोठे आहे, हे खरे. परंतु काम एकाचे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीचा ही रचना दोहोंत समान आहे, आणि ती माणसाला लाचार करते हा अनुभवही समान आहे.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की, बक्षिशी ही कृतज्ञता आहे. तिला अर्थशास्त्राच्या तराजूत घालू नये. कृतज्ञतेला कुणाचीच हरकत नाही. दिवाळीची पोस्त देणारे घर आणि घेणारा पोस्टमन यांत स्नेह असतो. पण पोस्टमनचा पगार पोस्तीवर ठरत नाही, म्हणूनच तो स्नेह टिकतो. ज्या दिवशी पगाराचा भाग पोस्तीत धरला जाईल, त्या दिवशी देणारा अन्नदाता आणि घेणारा आश्रित होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बक्षिशी घेणाऱ्या अनेक कामगारांनाच ती हवी असते, कारण वेतनवाढीचे आश्वासन पूर्वी अनेकदा फसवे ठरले आहे. त्यांची भीती खोटी नाही. पण राज्यकर्ते या भीतीचा उपयोग कसा करतात, हे २०२५ च्या करकायद्यात दिसते. त्याने वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची बक्षिशी २०२८ पर्यंत केंद्रीय प्राप्तिकरातून वगळण्याची मुभा दिली. ज्याचे उत्पन्न करपात्रतेपर्यंत पोहोचतच नाही, अशा कामगाराला यातून काहीच मिळत नाही. मालकाला मात्र २.१३ डॉलरचा आकडा तसाच ठेवण्यासाठी नवे निमित्त मिळते.

विमान कर्मचाऱ्यांना ही लबाडी ओळखणे अवघड जाऊ नये, कारण ते स्वतः तिचे बळी आहेत. विमानाचे दार बंद झाल्यावर वेतनाचे घड्याळ सुरू करण्याची प्रथा अमेरिकेत दीर्घकाळ चालत आली. प्रवाशांना आत घेणे, सामान चढवणे, म्हाताऱ्यांना हात देणे हे सारे विनामोबदला. डेल्टा कंपनीने २०२२ साली या वेळेसाठी निम्मे वेतन देणे सुरू केले आणि २०२४ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी संघटनेच्या बळावर ते करारात लिहून घेतले. प्रवाशांनी विमानात शिरताना सेविकेच्या हातावर डॉलर ठेवावा, असा तोडगा कुणी सुचवला असता तर त्यांनी तो अपमान मानला असता, आणि तो योग्यच ठरला असता. तोच न्याय चालकाला का लागू नये?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. आज, या पहाटे, जो चालक समोर उभा आहे त्याला दोन डॉलर द्यावेत. व्यवस्थेविरुद्धचा निषेध तिच्यातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या पोटावर नोंदवणे हे तत्त्वनिष्ठेचे लक्षण नव्हे. मात्र एवढ्याने कर्तव्य संपले असे मानू नये. वैमानिकांच्या आणि विमानसेविकांच्या संघटनांत मुक्कामाच्या जागा तपासणाऱ्या हॉटेल समित्या असतात. खोली शांत आहे का, दाराला कुलूप नीट आहे का, हे त्या पाहतात. गाडी चालवणाऱ्याला तासाला काय मिळते, हेही त्यांनी विचारावे. ने-आणीचा मोबदला विमान कंपनीने करारातच द्यावा आणि तो चालकाच्या वेतनपत्रकावर दिसावा, अशी मागणी करावी. हॉटेल कामगारांच्या संघटनांशी त्यांनी हात मिळवावा, आणि संप झाला तर त्या हॉटेलात मुक्काम करण्यास नकार द्यावा.

वैमानिक, सेविका आणि चालक पहाटे चार वाजता एकाच गाडीत असतात. दोन डॉलरवरून त्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहावे, यात ज्याचे हित आहे तो त्या वेळी घरी झोपलेला असतो. त्याला जागे करण्याचे काम या तिघांनी मिळून केले पाहिजे.